चौकड्यांचा शर्ट कुठल्या कोपऱ्यात

टाकेबाईंकडे गोधडी शिवायला द्यायची म्हणजे आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागते. माणसं पिशव्या भरभरून कपडे घेऊन येतात. वारलेल्या आईचे गाऊन, लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे फ्रॉक, मुलाचे शाळेतले शर्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सतरंजीवर पिशवी उपडी करतात आणि सांगायला लागतात. हा आईचा बाजारात जायचा, ह्याच्यावर शाई सांडली होती त्या दिवशी केवढा मार खाल्ला. टाकेबाई ऐकतात. ऐकता ऐकता एकेक कपडा खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरतात, दोन्ही हातांनी हलकेच ताणतात आणि दोन ढीग करतात. घट्ट कापडाचा ढीग वर जाणार, म्हणजे लोकांना दिसणार. विरलेल्या कापडाचा ढीग आत जाणार. आतल्या थरांना त्या पोट म्हणतात.

इथेच वादाला तोंड फुटतं. माणसाला जो कपडा आवडतो तोच तो रोज घालतो, आणि रोज घातलेला कपडा विरतो. तेव्हा ज्या कपड्यासाठी एवढा खटाटोप तोच नेमका पोटात जातो, आणि वर मिरवतो तो कुणी तरी भेट दिलेला, मनात न भरलेला, कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षं घडी न मोडता पडलेला.

"मावशी, हा गाऊन तेवढा वर घ्या," घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आईचे कपडे घेऊन आले होते, ते म्हणाले.

"वर घेतला तर पहिल्याच धुण्यात त्याची चाळण होईल."

"पण मग तो दिसणार कसा?"

"तुमच्या घड्याळातली स्प्रिंग दिसते का कुणाला? तरी चालतंच ना?"

"काटे तरी दिसतात हो, मावशी."

ह्यावर टाकेबाईंनी त्यांना गोधडी पिळू नये, झटकून सावलीत वाळवावी ह्यावर एक व्याख्यान दिलं. गाऊन पोटातच गेला.

टाकेबाई हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. कुणी नवे कपडे घालून समोर आलं की ह्या बाई तोंडाकडे नंतर बघतात, आधी शिवणीकडे. एकदा नव्या नवरीला, "छान दिसतेस" म्हणण्याऐवजी "बाहीला टाका लांब पडलाय" असं म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्या समोर बसून शिवतात त्या त्यांच्या थोरल्या नणंदबाई, वन्सं. वन्संनी सगळी नोकरी टेलिफोनच्या कार्यालयात केली. जगाला एकमेकांशी जोडून दिलं, माझं मात्र कुणाशी जोडलं गेलं नाही, असं त्या स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आल्या. गोधडी अंथरली की एका काठाला टाकेबाई, समोरच्या काठाला वन्सं. दोघी आपापल्या बाजूने धावदोरा घालत मध्यापर्यंत येतात. टाकेबाईंचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, सरळ. वन्संचा तिरका.

"वन्सं, तुमच्या ओळी गावाला निघाल्यात."

"अगं, निघाल्या तर निघू देत. बिचाऱ्या कधी कुठे गेल्या नाहीत."

टाकेबाई ओठ आवळतात. वन्सं उठून आत गेल्या की पाचदहा टाके उसवून पुन्हा घालतात. वन्संना ते माहीत आहे.

तर एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा म्हणून ह्या दोघींनी ज्यांना वाटून घेतलं होतं, ते गृहस्थ गेल्या वर्षी गेले. रंगाच्या कारखान्यात गोदामाच्या दाराशी त्यांची नोकरी. आत काय आलं, बाहेर काय गेलं ते बघायचं. पुढच्या वर्षी तुम्हाला वरची जागा, असं साहेब दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी ती जागा दुसऱ्याच कुणाला मिळे. कारखान्याने त्यांना भरभरून दिली ती एकच गोष्ट. निळ्या जाड कापडाचे गणवेश, खिशावर कंपनीचा गोल बिल्ला. घरी आले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी ते निळे कपडे उतरवून दाराबाहेरच्या खिळ्याला टांगत. टाकेबाईंनी सुरुवातीला म्हणून पाहिलं होतं, आधी बसा तरी. तेव्हा ते म्हणाले होते, "कंपनीला मी माझ्या पलंगावर बसू देणार नाही." शेवटपर्यंत बसू दिलं नाही.

ते गेल्यावर मुलीने फोनवर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "आई, बाबांची गोधडी मला हवी." मुलगी एकुलती एक, घरात तिला चिमणी म्हणत. टाकेबाई म्हणाल्या, करते. मग करते करते म्हणता वर्ष गेलं. त्यांच्या कपड्यांची ट्रंक पलंगाखाली आणि टाकेबाई पलंगावर, मध्ये फक्त एक गादी. जगाच्या गोधड्या शिवून होत होत्या.

मग एक दिवस चिमणीने फोनवर बातमी दिली. जावयांना लांब कुठे तरी बर्फाच्या प्रदेशात नोकरी लागली होती. महिन्याभरात निघायचं होतं. निघण्याआधी एक दिवस ती भेटायला येणार होती.

"गोधडी घेऊनच जाणार मी," ती म्हणाली.

"अगं, हातात दुसरी कामं आहेत."

"तू सगळ्या जगाच्या बाबांच्या गोधड्या शिवतेस. आपल्याच बाबांची जमत नाही?"

टाकेबाईंना ते लागलं. पण मुलगी खोटं काही बोलत नव्हती.

"आणि आई, तो चौकड्यांचा शर्ट मधोमध घे. एकदम मधोमध. मला उठल्याबरोबर दिसला पाहिजे."

चौकड्यांचा शर्ट म्हणजे सुट्टीच्या दिवसाचा. हिरव्या-तपकिरी चौकड्या, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. तो अंगात घालून त्यांनी चिमणीला सायकल शिकवली होती. मागे धावता धावता ती पुढे कधी निघून गेली हे त्यांना कळलंच नव्हतं, आणि ते तसेच रिकामे हात पुढे करून धावत राहिले होते. ही गोष्ट त्या घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की सांगणाऱ्याने सायकल म्हटलं की ऐकणारा हसायला लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी ट्रंक बाहेर ओढली. टाकेबाई एकेक कपडा खिडकीशी नेऊ लागल्या. चौकड्यांचा शर्ट उजेडासमोर धरला तर पलीकडची गच्ची आणि गच्चीवरची टाकीसुद्धा दिसली. तो एका बाजूला. पट्ट्यांचा पायजमा, गुडघ्यावर नुसती जाळी. तोही तिकडेच. घरातले दोन मऊ सदरे, तिकडेच. कॉलर उलटवून पुन्हा शिवलेला पांढरा शर्ट, तिकडेच. आणि दुसऱ्या ढिगात निळा गणवेश. त्यावर निळा गणवेश. कडक, घट्ट, काही तर अंगालाही न लागलेले. निवृत्त होताना कंपनीने हातात दिलेला शेवटचा जोड तर अजून कागदातच होता.

टाकेबाई दोन्ही ढिगांकडे बघत उभ्या राहिल्या. गणित सोपं होतं. वर सगळं निळं.

वन्सं म्हणाल्या, "घ्या. जन्मभर त्याने दाराबाहेर टांगली ती कंपनी आता पांघरुणावर."

"मी काय करू, वन्सं? कापड काय मी विणलंय?"

"तुझा नियम आहे ना. घड्याळवाल्याला ऐकवलास तो."

"तो नियम मी केलेला नाही. कापडाचा आहे."

"मग कापडाला सांग की जरा घरच्यांसाठी सवलत दे."

टाकेबाईंनी त्या दिवशी वन्संशी बोलायचं नाही असं ठरवलं, पण चादर अंथरायला दोन माणसं लागतात, त्यामुळे ते टिकलं नाही.

त्यांनी सवलत देऊन पाहिली. चौकड्यांच्या शर्टाची पाठ कापून तिच्या मागे मलमलीचं अस्तर लावलं, कच्चे टाके घातले आणि सगळ्यात बारीक सुई घेऊन मधोमध बसवायला लागल्या. कापड हातात पाण्यासारखं होतं. दोरा ओढला की टाक्याच्या जागी भोक, दोन भोकं जवळ आली की चीर. एका बाजूची चीर सांभाळावी तर दुसऱ्या बाजूने सुटे. दुपार झाली तेव्हा पाठ आडवी फाटलेली होती. टाकेबाईंनी बोटातलं अंगुस्तान काढून भिंतीवर मारलं. ते घरंगळत कपाटाखाली गेलं आणि मग तेच शोधत त्यांना गुडघ्यांवर बसावं लागलं.

खालच्या मजल्यावरचा शिंपी दोरे द्यायला आला होता. त्याने फाटकी पाठ पाहिली आणि म्हणाला, "काकू, अशाच चौकड्यांचं नवं कापड आहे माझ्याकडे. ते लावा वर. ताईंना थोडंच कळणार."

"तिला कळणार नाही रे. पण मला कळेल ना."

"मग तुम्ही कुठे पांघरणार आहात?"

टाकेबाईंनी दोरे ठेवून घेतले आणि दार लावून घेतलं. आत वन्सं तोंडाला पदर लावून हसत होत्या. "बरोबर बोलला मुलगा," त्या म्हणाल्या.

शेवटी वर निळं घ्यायचं ठरलं, म्हणजे ठरवलं कुणीच नाही, दिवस संपत आले. टाकेबाईंनी गणवेश उसवले, शिवणी सपाट केल्या, बिल्ले काढून टाकले. तर वापरलेल्या गणवेशांवर बिल्ल्याखालचं कापड उन्हाने विटलेलं नव्हतं. जिथे जिथे बिल्ला होता तिथे गडद निळं वर्तुळ उरलं. काढून टाकावं तरी कंपनी तिथेच. त्यांनी ते तुकडे शक्य तेवढे काठाकडे सरकवले.

मग पोट रचायचा दिवस आला. खाली एक धड चादर, तिच्यावर विरलेले कपडे एकेक करून पसरायचे, कुठे खळगा राहायला नको, कुठे उंचवटा नको. एरवी हे काम टाकेबाई तोंडातून अक्षर न काढता करतात आणि कुणाचा कपडा कुठे ठेवला ते त्यांना पुढे वर्षानुवर्षं आठवतं. घड्याळवाले पुन्हा रस्त्यात भेटले तर त्या सांगतील, गाऊन डावीकडे, उशाच्या बाजूला आहे. पण त्या दिवशी चौकड्यांचा शर्ट हातात घेतला आणि वन्सं म्हणाल्या, "हा मी घेऊन दिलेला."

"तुम्ही? हा आम्ही दोघांनी आणलेला. कोपऱ्यावरच्या दुकानातून."

"अगं, माझ्या पहिल्या पगारवाढीचा आहे हा. तुला दाखवायला आणला तेव्हा तू म्हणालीस, हिरवा कशाला."

"मी हिरव्याला कधी नावं ठेवली नाहीत."

"ह्या शर्टाला ठेवली होतीस."

बोलता बोलता हात चालूच होते. शर्टाचे तुकडे पसरले, पायजमा पसरला, सदरे पसरले. हे कुणी आणलं, ते कुणी घेतलं, कुणाच्या लग्नात घातलं, दोघींचा आवाज इतका चढला की शेजारीण दारात येऊन बघून गेली. वरून निळं पांघरलं आणि कडेने कच्चे टाके पडले तेव्हा कुठे दोघी गप्प झाल्या. मग आठवडाभर समोरासमोर बसून शिवल्या. वन्संच्या ओळी तिरक्या गेल्या. ह्या खेपेस टाकेबाईंनी त्या उसवल्या नाहीत. वेळ नव्हता, असं त्या म्हणतात.

चिमणी आली ती घाईतच. सामान जावयांबरोबर पुढे गेलेलं, संध्याकाळी गाडी तिला घ्यायला येणार होती. चहा झाला, वन्संचं तिच्या केसांना नावं ठेवून झालं, आणि टाकेबाईंनी गोधडी आणून पलंगावर उलगडली.

चिमणीने एक काठ उचलून पाहिला, दुसरा उचलून पाहिला. मग म्हणाली, "हे काय, आई?"

"गोधडी."

"ती कळली मला. सगळी निळी?"

"जे टिकतं ते वर घ्यावं लागतं. बाकीचं आत आहे. सगळं आहे."

"बाबा हा रंग घरात येऊ द्यायचे नाहीत." तिने काठावरच्या गडद वर्तुळावर बोट ठेवलं. "आणि हा बिल्ला ना? ह्याच्याखाली मी झोपू?"

"अगं, चौकड्यांचा वर घेऊन पाहिला. फाटला. विचार तुझ्या आत्याला."

"आधी का नाही सांगितलंस? फोनवर रोज बोलतो आपण."

"सांगून काय झालं असतं? कापड घट्ट झालं असतं?"

"मी म्हणाले असते, फाटला तर फाटू दे. मला पाहायचा होता, आई. मी काय सात पिढ्यांना वापरायला नेतेय?"

टाकेबाईंना एकदम थकवा आला. एवढी वर्षं लोक हेच म्हणत आले होते आणि त्या सगळ्यांना त्यांनी गप्प केलं होतं. मुलीला कसं गप्प करायचं ते त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"तो आत आहे," त्या पुन्हा म्हणाल्या.

"असेल. मला काय माहीत? तू सांगतेस म्हणून."

हे मात्र फार झालं. टाकेबाई उठल्या, कात्री घेऊन आल्या. "कोपरा उघडून दाखवते. हाताएवढा. बघ आणि मग बोल."

"अगं, राहू दे गं," वन्सं म्हणाल्या. "आठवडा गेलाय त्यात."

"नाही. माझ्या शब्दावर विश्वास नाही ना."

त्यांनी उजवीकडचा वरचा कोपरा ओढून घेतला.

"तो नाही," वन्सं म्हणाल्या. "डावीकडे खाली आहे शर्ट."

"वन्सं, मी पसरलाय तो."

"आणि मी चादर धरून उभी होते. डावीकडे."

"मला माझं काम माहीत आहे."

पण कात्रीचं टोक टाक्याखाली घालताना त्यांना कळलं की आपल्याला माहीत नाही. डोळ्यांसमोर आणायला गेलं तर शर्ट दिसेना, नुसतं भांडण ऐकू येत होतं. परक्यांच्या आयांचे गाऊन त्यांना जागच्या जागी आठवत होते, आणि ह्यांचा शर्ट आपण कुठे ठेवला ते आठवत नव्हतं. हे कबूल करायचं कुणापाशी? त्यांनी उसवायला सुरुवात केली. स्वतःचेच तांदळाएवढे टाके, एकेक करून. बारीक घातलेला टाका उसवायला फार त्रास देतो. ओळीमागून ओळ गेली, निळं कापड सुटलं, त्यांनी ते मागे दुमडलं.

आत पट्ट्यांचा पायजमा होता.

वन्संनी छताकडे पाहिलं. टाकेबाई म्हणाल्या, "थांब, दुसरा कोपरा उघडते."

"आई, थांब." चिमणी वाकली होती. पायजम्याच्या त्या तुकड्यावर एक रफू होतं, काळ्या दोऱ्याचं, वेड्यावाकड्या मोठ्या टाक्यांचं, कोळ्याने दारू पिऊन जाळं विणल्यासारखं. "हे कुणी शिवलं?"

"तुझ्या बाबांनी. मी आजारी होते तेव्हा. मी नंतर नीट करून देते म्हटलं तर देईनात."

"म्हणाले असतील, एवढं छान झालंय."

"तेच म्हणाले."

चिमणी हसायला लागली, आणि हसता हसता तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. मग तिने त्या काळ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. टाकेबाई बाजूला सुई ओवून बसल्या होत्या. "दे इकडे. हे बंद करते आणि शर्ट काढून दाखवते. डावीकडे असेल. आत्या म्हणते तर असेल."

"हे बंद करू नकोस."

"वेडी आहेस का? उघडा कोपरा घेऊन जाणार? चार दिवसांत सगळा काठ सुटत जाईल."

"मी शिवेन तिथे."

"तू? तुला बटण लावता येत नाही."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. चिमणीने गोधडी घडी केली, तीही उलटसुलट, आणि काखोटीला मारली. टाकेबाई सुई घेऊन दारापर्यंत मागे गेल्या. "निदान चार कच्चे टाके घालू दे. दोन मिनिटं." जिन्यावर, सगळ्या शेजाऱ्यांदेखत, मुलीने त्यांना मिठी मारली, आणि हातात सुई असल्यामुळे टाकेबाईंना तिला धड जवळही घेता आलं नाही. गाडी गेली. त्यांच्या हातून आजवर एकही गोधडी अर्धवट बाहेर गेली नव्हती, आणि गेली ती घरची.

"डावीकडे होता," वर आल्यावर वन्सं म्हणाल्या.

"मग तेव्हाच माझा हात धरायचा होता."

"तुझा हात कुणी धरलाय आजवर? कात्री होती त्यात."

काही दिवसांनी चिमणीचा फोन आला. तिकडे फार गारठा आहे, ती म्हणाली. गोधडी जड आहे, बरं वाटतं.

"तो उघडा कोपरा शिवलास का?"

"नाही अजून."

"मग निदान पायाकडे घे. तिथे हात लागत नाही, कमी विरेल."

"उशाकडे घेतलाय, आई. झोपताना हात जातो तिथे."

टाकेबाईंनी डोळे मिटले. उशाकडे, म्हणजे रोज हात, रोज श्वास, रोज ओढाताण. तो पायजमा मुळात जाळीच. "ही थंडी संपेपर्यंतसुद्धा टिकणार नाही तो तिथे," त्या म्हणाल्या. "ऐकतेस का?"

"ऐकतेय."

ऐकत नव्हती. टाकेबाईंना ते तिच्या आवाजावरून कळलं. फोन ठेवून त्या वन्संच्या समोर येऊन बसल्या. सतरंजीवर कुणाच्या तरी मोठ्या भावाचे कपडे पडले होते. टाकेबाईंनी एक सदरा उचलला, उजेडासमोर धरला, आणि कपाळाला आठ्या घालून तो बराच वेळ कुठल्याच ढिगात ठेवला नाही.

"काय म्हणाली?" वन्संनी विचारलं.

"काही नाही. वाट लावणार आहे त्याची."